व्यवसाय कर, रोजगार हमी आणि ‘फुकट’ हा शब्द

प्रश्न : माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये ‘व्यवसाय कर’ म्हणून कापले जातात. हा कर रोजगार हमी योजनेसाठी सुरू झाला होता, असे वडील सांगतात. ऑफिसात मात्र रोज एकच चर्चा असते : आपण कर भरायचा आणि सरकारने तो फुकट वाटायचा. रेशन, निराधारांचे अनुदान, लाडकी बहीण, सगळ्यांना एकाच मापाने मोजले जाते. अर्थशास्त्रज्ञ खर्चाचा हिशेब मांडतात, तो समजतो. समाजशास्त्राला या कल्याणकारी राज्याबद्दल काही वेगळे सांगायचे आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : वडिलांचे म्हणणे खरे आहे. महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला, तो मुख्यतः रोजगार हमीला पैसा पुरवण्यासाठी. या कराचे उत्पन्न रोजगार हमी निधीत जमा करायचे आणि राज्य सरकारने तेवढीच भर तिजोरीतून घालायची, अशी व्यवस्था होती. मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेल्या पैशावर बीड-सोलापूरकडे पाझर तलावाची माती उपसली जात होती. शहराने खेड्यासाठी कायद्याने सोसलेला असा भार देशात त्या काळी दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. किती खर्च झाला आणि किती लोकांपर्यंत पोहोचला, हे अर्थशास्त्र विचारते. समाजशास्त्राचा प्रश्न निराळा असतो. देणारा आणि घेणारा यांच्यात कोणते नाते तयार झाले? घेणारा हात पसरून उभा आहे, की हक्काने मागतो आहे? आणि ज्यांच्याजवळ आहे ते द्यायला तयार का झाले?

पहिला प्रश्न जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल याने १९०८ मध्येच फार खोलात जाऊन मांडला होता. त्याचे म्हणणे असे की, केवळ पैसा कमी असल्याने माणूस समाजाच्या लेखी ‘गरीब’ ठरत नाही. मदत घेण्याच्या जागी तो उभा राहिला की समाज त्याला त्या वर्गात टाकतो. पुढे जाऊन झिमेल सांगतो की, गरिबाला मदत करणे हे राज्याचे कर्तव्य मानले गेले तरी त्या कर्तव्यासमोर गरिबाचा हक्क उभा राहतोच असे नाही. राज्य मदत करते ते समाजाची घडी विस्कटू नये म्हणून. गरीब माणूस त्या व्यवहारातला पक्षकार नसतो, तो केवळ विषय असतो. हा विचार मनात ठेवून आपल्याच मुलखातले दोन दुष्काळ शेजारी ठेवून पाहा.

१८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये सरकारने दुष्काळी कामे काढली. त्या वेळी इंग्लंडमध्ये १८३४ च्या गरीब कायद्याचा विचार रुजलेला होता. मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत कमी कमावणाऱ्या मजुराहूनही वाईट ठेवायची, म्हणजे खरा गरजूच येईल, असे ते तत्त्व. तेच येथे आले. ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवलेली मजुरी दिवसाला १ पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढी होती. दिवसभर खडी फोडणाऱ्याचे एवढ्यावर भागणे शक्यच नव्हते. शिवाय घरापासून लांबच्या कामावर जायची तयारी हीच गरजेची परीक्षा मानली गेली. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी या अटींवर काम करायला नकार दिला, आणि पुण्याच्या ‘सार्वजनिक सभा’ या संस्थेने त्यांची बाजू लावून धरली. उपाशी माणसांनी मदतीच्या अटींविरुद्ध केलेला हा संप आपल्या शाळेच्या पुस्तकांत ठळकपणे यायला हवा, असे मला मनापासून वाटते.

दुसरा दुष्काळ १९७२ चा. ज्यांनी तो पाहिला त्यांच्या तोंडी आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’ असेच शब्द असतात. मिलो, सुकडी, खडीचे ढीग आणि कामावरचा मुकादम यांच्या आठवणी घराघरांत आहेत. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या आसपास गेली होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ५ कोटींच्या घरात होती, म्हणजे दहा माणसांमागे एक माणूस खडीवर किंवा मातीवर होता. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी आपल्या लेखनात या दुष्काळाचे उदाहरण आवर्जून दिले आहे, कारण पिके साफ गेली असूनही १८७६ सारखा संहार झाला नाही.

या दोन दुष्काळांच्या मध्ये स्वातंत्र्य आले आणि मताचा अधिकार आला. तरीही नियम बदलायला कोणीतरी बसून विचार करावा लागतोच. ते काम वि. स. पागे यांनी केले. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पाग्यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात आधी कामाच्या हमीचा प्रयोग करून पाहिला. १ मे १९७२ रोजी रोजगार हमी योजना राज्यभर जाहीर झाली. दुष्काळी कामांमुळे ती काही काळ मागे पडली, मग पुन्हा सुरू झाली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला १५ दिवसांत काम द्यायचे, नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, असे या कायद्याने सरकारवर बंधन घातले.

येथे झिमेलचे सूत्र उलटे झाले. राज्याच्या कर्तव्यासमोर मजुराचा हक्क उभा राहिला. १८७७ मध्ये सरकार मजुराची परीक्षा घेत होते. आता मजुराने अर्ज करून तारखेची पोच घेतली की परीक्षा सरकारची सुरू होत होती. काम तेच : माती, दगड, घमेले. बाईच्या डोक्यावरचे ओझेही तेच. पण तहसील कचेरीत उभे राहण्याची तिची पद्धत बदलली, आणि माझ्या मते कल्याणकारी राज्य मोजायचे तर तेथे मोजावे.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ टी. एच. मार्शल यांनी १९४९ मध्ये केंब्रिजच्या व्याख्यानांत हाच विचार नागरिकत्वाच्या भाषेत मांडला. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात कायद्यापुढचे हक्क आले, एकोणिसाव्यात मतदानाचे, आणि विसाव्यात सामाजिक हक्क, म्हणजे शिक्षण, आरोग्य, किमान जगण्याची हमी. जुन्या गरीब कायद्यात मदत घेणाऱ्याला नागरिकत्वाचे इतर हक्क सोडावे लागत, याकडे त्यांनी मुद्दाम लक्ष वेधले. मदत घेतली म्हणून माणूस नागरिक म्हणून कमी ठरू नये, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. भारतात मात्र हा क्रम असा राहिला नाही. मत आधी सगळ्यांना मिळाले. सामाजिक हक्क संविधानाच्या मार्गदर्शक तत्त्वांत ठेवले गेले, आणि कामाच्या हक्काचा उल्लेख असलेले कलम ४१ न्यायालयात जाऊन बजावून घेता येत नाही. मताचा उपयोग करून बाकीचे हक्क ओढून आणायचे, हेच आपल्याकडचे राजकारण राहिले.

मग ज्यांच्याजवळ होते ते तयार कसे झाले? समाजशास्त्रात यावर दोन परंपरा आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. एक म्हणते, सवलती वरून येतात, असंतोष शमवण्यासाठी. जर्मनीत बिस्मार्कने १८७८ मध्ये समाजवाद्यांवर बंदीचा कायदा केला आणि त्याच राजवटीने १८८३ मध्ये आजारविमा, १८८४ मध्ये अपघातविमा आणि १८८९ मध्ये म्हातारपणाचे निवृत्तिवेतन आणले. अमेरिकेत फ्रान्सिस फॉक्स पिव्हन आणि रिचर्ड क्लोवर्ड यांनी १९७१ च्या ग्रंथात दाखवले की, अशांतता वाढली की मदत सैल होते, शांतता झाली की पुन्हा आवळली जाते. आपल्या रोजगार हमीवर रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३ मध्ये असाच अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष जमीनदार वर्गाला बोचणारा होता. मजूर गावात टिकून राहिला तर सुगीला हाताशी येतो. पाझर तलाव, रस्ते आणि बांध यांचा लाभ ज्याच्याकडे जमीन आहे त्याला अधिक होतो. शहरालाही खेड्यातले लोंढे थोपवायचे होते. पुढे १९९० मध्ये रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली, तेव्हा डाळिंब आणि आंब्याच्या बागा उभ्या राहिल्या त्या अर्थातच शेतमालकांच्या. भूमिहीन मजुराला त्या बागेत मिळाली ती मजुरी.

दुसरी परंपरा म्हणते, हक्क खालून मिळवले जातात. स्वीडनच्या वाल्टर कोर्पी यांच्या मते कल्याणकारी राज्याचा आकार कामगारांच्या संघटित बळावर ठरतो. याचे आपले ठसठशीत उदाहरण म्हणजे १९६९ चा माथाडी कायदा. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला एक मालक नसतो, म्हणून भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही, दवाखाना नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी लढले आणि माथाडी मंडळे उभी राहिली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने हमालाला पगार आणि या सोयी द्यायच्या. रोजगार हमीतही शहाद्याच्या श्रमिक संघटनेसारख्या संघटनांनी आणि डाव्या पक्षांच्या मोर्चांनी मस्टर, म्हणजे कामाचा हजेरीपट, उघडायला भाग पाडले, तेथे कायदा जिवंत राहिला. जेथे संघटना नव्हती तेथे अर्जाची पोचच दिली जात नसे. पोच नाही म्हणजे १५ दिवसांची मोजणी सुरूच होत नाही. बेकारी भत्ता तर क्वचितच कोणाच्या हातात पडला. १९८८ मध्ये किमान वेतन वाढून रोजगार हमीची मजुरी दुपटीच्या घरात गेली, आणि त्यानंतर कामाचे दिवस घटले. मार्टिन रॅव्हॅलियन आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. मागणी असूनही कामे कमी काढून सरकारने खर्च आवरला, असे त्यातून दिसते. कागदावरचा हक्क रद्द न करताही आटवता येतो.

तुमच्या ऑफिसातल्या चर्चेबद्दलही बोलले पाहिजे. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने १९५५ मध्ये कल्याणाचे तीन भाग दाखवले. सरकारी योजना हा एक. करसवलत हा दुसरा. नोकरीमुळे मिळणारे लाभ हा तिसरा. टिटमसच्या मते तिन्हींचा परिणाम सारखाच : समाजाच्या सामाईक साधनांतून कोणाला तरी आधार मिळतो. फरक दिसण्यात आहे. पहिल्याची रांग रस्त्यावर दिसते, बाकी दोन पगारपत्रकात असतात. जुन्या करपद्धतीत घरकर्जाच्या व्याजावर मिळणारी वजावट म्हणजे सरकारने सोडलेला महसूलच आहे. मार्च २०२३ मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, तेव्हा त्यांनी म्हातारपणाच्या सुरक्षेचीच मागणी केली, आणि म्हातारपणी सुरक्षा मागणे रास्त आहे. ती शेतमजुरालाही तेवढीच हवी असते. त्याची मागणी ‘फुकट’ आणि आपली ‘न्याय्य’, ही विभागणी माणसाच्या गरजेवरून झालेली नाही, त्याच्या सामाजिक स्थानावरून झाली आहे. तुमच्या सहकाऱ्यांसमोर हा मुद्दा जरूर मांडा.

प्रश्न : मदत फक्त खऱ्या गरिबालाच द्यावी, एवढी साधी गोष्ट सरकारला का जमत नाही?
— एक वाचक, लातूर

उत्तर : साधी वाटते, तशी ती नाही. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून रेशन कार्डांचे तीन रंग झाले : पिवळे, केशरी आणि शुभ्र. पिवळ्या कार्डाची अट वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्नाची. महिन्याचे होतात १,२५०. रोजंदारीवर जाणाऱ्या कुटुंबाने खरे उत्पन्न सांगितले तर ते त्या काळीही या रेषेच्या वर जाण्याची शक्यता होती. मग दाखल्यासाठी तलाठ्याकडे खेटे, कोणाची तरी ओळख, आणि ज्याची ओळख नाही तो बाहेर. चुकीचा माणूस आत येऊ नये म्हणून जितके कुंपण घालावे तितका बरोबर माणूस बाहेर राहतो. शिकलेला माणूस कुंपण ओलांडतो, अंगठा उठवणारी म्हातारी ओलांडू शकत नाही.

दुसरी गोष्ट राजकारणाची. कोर्पी आणि योआकिम पाल्मे यांनी १९९८ मध्ये श्रीमंत देशांची तुलना करून एक उफराटे वाटणारे सत्य मांडले. मदत फक्त गरिबांपुरती ठेवणाऱ्या देशांत गरिबी आणि विषमता कमी घटली, आणि मध्यमवर्गालाही सामावून घेणाऱ्या देशांत ती जास्त घटली. ज्या व्यवस्थेतून आपल्याला काही मिळते, तिच्यासाठी मध्यमवर्ग कर भरतो आणि तिच्या दर्जासाठी भांडतोही. केवळ गरिबांसाठी ठेवलेल्या सेवेकडे लक्ष देणारा प्रभावी माणूस उरत नाही, आणि ती सेवाही गरीब होऊन जाते. जिल्हा परिषदेच्या शाळांचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. गावातल्या शिक्षकाची, डॉक्टरची आणि सरपंचाची मुले तेथे शिकत होती तोवर गळक्या छपराची तक्रार वरपर्यंत जात होती.

१९९७ मध्ये केंद्राने रेशन व्यवस्था गरीब आणि बिगरगरीब अशी विभागली. तमिळनाडूने मात्र ती सगळ्यांसाठी खुली ठेवली. तेथील रेशन दुकानांची गणना देशातल्या चांगल्या चालणाऱ्या दुकानांत होते. सगळीच मदत सरसकट असावी असे मी म्हणणार नाही. अपंगांचे अनुदान अपंगांनाच हवे. पण अन्न, शाळा आणि दवाखाना या तीन बाबतींत गाळणी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : रोजगार हमीवर बायका मोठ्या संख्येने जात. आता लाडकी बहीण योजनेचे पैसे थेट खात्यात येतात. बाईच्या दृष्टीने यात पुढचे पाऊल कोणते?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : डेन्मार्कचे गोस्टा एस्पिंग-अँडरसन यांनी १९९० मध्ये एक कसोटी दिली : श्रम विकले नाहीत तरी माणूस मानाने जगू शकतो का? या कसोटीवर दरमहा १,५०० रुपये खात्यात येणे हे पुढचे पाऊल ठरेल. एस्पिंग-अँडरसन यांच्या कसोटीवर ॲन ऑर्लॉफ यांच्यासारख्या स्त्रीवादी अभ्यासकांनी आक्षेप घेतला की, बाईला आधी कमाईच्या कामात शिरायलाच मिळाले पाहिजे, आणि स्वतःचे घर स्वतंत्रपणे चालवण्याची ताकद आली पाहिजे. त्या दृष्टीने रोजगार हमी मोठी होती. तेथे स्त्री-पुरुषांना समान दर होता. महाराष्ट्राच्या कायद्यातली हमी प्रत्येक प्रौढ व्यक्तीला होती आणि तिला दिवसांची मर्यादा नव्हती. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ही कल्पना देशभर नेली, पण हमी कुटुंबाला १०० दिवसांची केली, म्हणजे कुटुंबात कोणी कामावर जायचे हे पुन्हा घरात ठरू लागले.

लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बाईच्या स्वतःच्या खात्यात पैसा येतो. अनेकींच्या हातात असा नियमित पैसा प्रथमच आला, आणि औषध किंवा मुलीची फी यासाठी कोणाकडे तोंड वेंगाडावे लागत नाही, याचे मोल मोठे आहे. पण ही योजना २०२४ च्या शासन निर्णयावर उभी आहे, कायद्यावर नाही. पुढचा हप्ता कधी येणार हे ती विचारू शकते, १५ दिवसांत द्या म्हणून मागू शकत नाही. ही योजना आवडणाऱ्यांनी तिला कायद्याचा आधार मागावा, आणि न आवडणाऱ्यांनी तिच्या जागी कोणता हक्क देणार ते सांगावे. पाणी, सरपण, मुले आणि म्हातारी माणसे यांचा भार मात्र दोन्ही योजनांनी बाईच्या डोक्यावर होता तसाच ठेवला. रोजगार हमीच्या कामावर पाळणाघराची तरतूद कागदावर होती, प्रत्यक्षात झाडाला बांधलेली झोळीच असे.

अंबाजोगाईच्या वाचकांना आणि मराठवाड्यातल्या सर्वांनाच एक विनंती. रोजगार हमीवर अभ्यासकांचे लेखन पुष्कळ आहे, कामावर गेलेल्या बायांच्या तोंडचे फार थोडे. तुमच्या आई-आजीने मस्टरवर हजेरी लावली असेल, तर काम कसे मागितले, पगार कोणाच्या हातात पडला आणि त्याचे काय झाले, हे त्यांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवा.